निळी खिडकी, साखर एक किलो

दहाव्याला घाटावर अण्णांच्या पिंडाला कावळा शिवला तो इतक्या तातडीने, की गुरुजींचं ‘जरा मागे सरका’ हे वाक्यही पुरं झालं नव्हतं. एरवी हा प्रकार तास-तासभर चालतो. लोक हात जोडून उभे राहतात. कुणी म्हणतं, धाकटीच्या लग्नात जीव अडकला असेल. कुणी म्हणतं, वाटणीचं राहिलं. मग मुलगा पुढे होऊन वचन देतो, तरी कावळा येत नाही, आणि शेवटी ऊन चढल्यावर दर्भाचा कावळा करून शिववतात. अण्णांच्या वेळी एक कावळा आधीपासूनच कठड्यावर बसून होता. पान ठेवलं, आला, चोच मारली, गेला. गिऱ्हाईक ताटकळलेलं अण्णांना दुकानात कधी खपलं नाही, तसलाच हा कारभार.

‘समाधानी जीव,’ सगळे म्हणाले. मला मात्र त्या कावळ्याचा असा काही राग आला की सोय नाही. म्हणजे आमच्यात त्यांचं काहीच अडकलं नव्हतं? बेचाळीस वर्षांची मुलगी पौषातल्या थंडीत समोर काकडत उभी आहे, तिच्यात चोचभरसुद्धा नाही?

आता हे लिहिताना हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं.

लग्न झालेल्या मुलीला बापाचं सुतक तीन दिवसांचं. शास्त्राने मला तीनच दिवसांचं दुःख मंजूर केलं होतं. मी माहेरीच राहिले म्हणून दहाही दिवस पाळले, आणि खरं सांगायचं तर ते दिवस मला बरे गेले. शेजारच्या काकू पिठलं-भाकरी आणून देत होत्या. माणसं येत, भिंतीला टेकून बसत, अण्णांनी कुणाला कधी काय दिलं ते सांगत, चहा न घेता उठून जात. देवघराचं दार लोटलेलं. दिवा नाही, फूल नाही. सुतकात पूजा करायची नाही हा दंडकच असल्यामुळे देवाकडे पाठ फिरवून बसायची मला रीतसर परवानगी मिळाली होती. तेराव्याला गोडाचं जेवण झालं, मांडववाला पातेली घेऊन गेला, वहिनीने देवांना आंघोळ घालून निरांजन लावलं. सगळ्यांचं सुतक फिटलं. माझं फिटलं नाही.

ते पुढे आठ-नऊ महिने चाललं. मी एका कंपनीत हिशेब तपासण्याचं काम करते. तिथे माझं एकही खातं चुकलं नाही. पण घरी दुधापाशी उभी असताना दूध उतू जायचं. उदबत्तीसाठी काडी ओढायची आणि बोटाला चटका बसेपर्यंत तशीच धरून राहायची. संध्याकाळी सातला, अण्णा दुकानाचं शटर अर्धं ओढून गल्ल्यापाशी उभ्याने हरिपाठ म्हणायचे त्या वेळेला, मी टीव्हीचा आवाज वाढवायचे. देव नाही असं काही मला वाटत नव्हतं. देव आहे की नाही याचं काही वाटायचंच बंद झालं होतं. ज्या घरात लहानपणापासून एकादशी सोडली नाही, त्या घरातल्या बाईला हे कुणापाशी बोलायची सोय नसते. (झोप महिनाभर उडाली तेव्हा मात्र डॉक्टरांकडे गेले, गोळ्या घेतल्या, आणि त्यांचा गुण आला. अध्यात्माच्या गप्पांत ही गोष्ट लपवू नये म्हणून कंसात का होईना, सांगून टाकते.)

समजूत घालणारे खूप होते. ‘दुःखानेच माणूस मोठा होतो.’ ‘देव ज्याला जवळ करतो त्यालाच पारखतो.’ तळेगावात राहायचं म्हणजे वर तुकोबा हाताशी; देहू इथून कितीसं लांब! एक नातेवाईक येऊन, ताक पिता पिता मला म्हणाले, “अगं, तुकोबांचं बघ. एवढं सगळं झालं तरी काय म्हणाले? बरे झाले देवा निघाले दिवाळे! असं म्हणता आलं पाहिजे.” मी मान डोलावली. मनात म्हटलं, काका, आधी तुमचं निघू द्या, मग बोलू.

त्या दिवसापासून ती ओळ माझ्या डोक्यात काट्यासारखी राहिली. ‘बरें झालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली.’ शाळेत असताना ही ओळ गोड वाटायची. आता वाटलं, हा माणूस असं म्हणूच कसा शकतो?

कारण तो दुष्काळ साधासुधा नव्हता. १६३० ते १६३२ या काळात गुजरात आणि दख्खन त्यात भाजून निघाले. शाहजहानच्या दरबारातल्या बखरकाराने लिहून ठेवलंय की, भाकरीच्या बदल्यात लोक स्वतःला विकायला तयार होते आणि घ्यायला कोणी नव्हतं. तुकोबांचं जन्मसाल १६०८ धरलं तर तेव्हा ते बाविशीच्या आसपासचे. आईवडील आधीच गेलेले, थोरला भाऊ विरक्त होऊन घराबाहेर पडलेला, दुकान आणि सावकारी अंगावर. थोरली बायको रखुमा दमेकरी होती अशी परंपरा सांगते. ती या दुष्काळात गेली, पाठोपाठ मुलगाही गेला. तुकोबांनी स्वतः हे एका अभंगात सांगितलंय, अर्ध्या ओळीत: ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली.’ ज्याच्या दुकानात धान्य विकलं जायचं त्याची बायको अन्न अन्न करत गेली. दुकानदाराच्या मुलीला ही ओळ वेगळी लागते. पोत्याच्या तळाशी उरलेलं धान्य हाताने पुसून काढताना तळव्याला जी धूळ लागते, ती मला माहीत आहे.

आणि ‘दिवाळे’ हा तर चक्क वाण्याचा शब्द. तुकोबा देवाशी बोलतानाही दुकानातलीच भाषा बोलतात. लोकांना त्या ओळीत जमाखर्च दिसतो तो त्यामुळेच असेल: एवढं गेलं, एवढं मिळालं, बाकी बरोबर. दुःख नावे, अध्यात्म जमा. मी आयुष्यभर असलीच खाती जुळवत आले आहे, म्हणून सांगते, हे खातं जुळत नाही. रखुमा कुठल्या रकान्यात लिहायची?

मी गाथा काढून तो अभंग पुरा वाचला. हिशेबनीसाची सवय, ओळीवर बोट ठेवून. दिवाळं निघालं ते बरं, दुष्काळाने पिडलं ते बरं, बायको कर्कशा ते बरं, लोकांत अपमान झाला ते बरं, धन गेलं, गुरंढोरं गेली ते बरं. यादी मोठी आहे, पण मृत्यू तीत नाहीत. मला हायसं वाटलं. म्हटलं, बघा, तुकोबांनाही ते ‘बरं’ म्हणवलं नाही. चांगले आठ दिवस मी या शोधावर जगले. नवऱ्यालाही ऐकवलं.

मग पानं उलटताना दुसरा अभंग समोर आला. ‘बाईल मेली मुक्त जाली । देवें माया सोडविली. पोर मेलें बरें जालें । देवें मायाविरहित केलें.’

गाथा मिटून ठेवली. दोन-तीन आठवडे हात लावला नाही.

या सगळ्याच्या मधोमध अण्णांची उधारीची वही होती. लाल कापडी पुठ्ठ्याची, उभी उघडणारी. पहिल्या पानावर ‘श्री’, त्याच्याखाली लक्ष्मीपूजनाच्या हळदीकुंकवाचा वाळलेला डाग. भाऊ नोकरीसाठी नाशिकला; तेराव्यानंतर परत जायच्या आदल्या रात्री आम्ही दोघं ती घेऊन बसलो. त्याने मोबाइलवर बेरीज केली. एकोणचाळीस हजार आणि काहीशे. ‘अर्धी तू वसूल कर, अर्धी मी,’ तो म्हणाला आणि मग त्याचं त्यालाच सुचलं, ‘म्हणजे मी कान्होबा, तू तुकोबा.’ कर्जरोख्यांचे दोन वाटे करून धाकट्या कान्होबाचा वाटा त्याला दिला आणि आपला इंद्रायणीत सोडला, ही गोष्ट आमच्याकडे शाळेत जायच्या आधी कळते. त्या तेरा दिवसांत आम्ही दोघं पहिल्यांदा हसलो. हसता हसता तो रडायला लागला. मी तशीच कोरडी.

गंमत अशी की वसुली करायची म्हटली तरी करता येणार नव्हती. अण्णांनी माणसांची नावं लिहिलीच नव्हती. ‘टेलरची बाई.’ ‘खोकलेवाले मास्तर.’ ‘पोस्टाच्या मागचे, दोघे.’ ‘निळी खिडकी – साखर १, चहा १००, काडेपेटी २.’ गाव त्यांना असं दिसत होतं आणि ते दिसणं त्यांच्याबरोबर गेलं. टेलरचं दुकान जाऊन तिथे मोबाइलवाला आला त्याला दहा वर्षं झाली; बाई कुठे असेल, देव जाणे. दहाव्या दिवसाच्या आत एक बाई येऊन तीनशे चाळीस रुपये हातावर ठेवून गेली, ‘अण्णांचे राहिले होते.’ नाव विचारायच्या आत गेली. ती वहीतली कोण, ते मला अजून कळलेलं नाही.

वैशाखात मी भंडाऱ्यावर गेले. एकटी, स्कूटरवर. इंदोरीचा पूल ओलांडला की थोड्या अंतरावर डोंगर. याच डोंगरावर तुकोबा येऊन बसत. त्यांच्याही कितीतरी आधी इथे बौद्ध भिक्षू राहून गेले. त्यांची लेणी डोंगराच्या कुशीत आहेत. दुःखाचा विचार करायला माणसं फार जुन्या काळापासून हीच जागा निवडत आली म्हणायची. मी शांतता शोधत गेले होते. वर मोठ्या दगडी मंदिराचं काम चाललेलं. दगड कापायचं यंत्र कानाचे पडदे फाडत होतं, धुळीने डोळे चुरचुरत होते. खाली चाकणच्या रस्त्यावर ट्रेलरची रांग. एका झाडाखाली बसून मी बाटलीतलं पाणी संपवलं, मोबाइल बघितला आणि एकही उच्च विचार न येता खाली उतरले. उतरताना मात्र यंत्र मध्येच थांबलं आणि कुठल्या तरी पाथरवटाच्या छिन्नीचा आवाज ऐकू आला. टक, टक. थोडं थांबून, टक.

दुष्काळाचा अभंग परत उघडला तो त्या आवाजामुळे. ‘याति शूद्र वैश केला वेवसाव’ असा तो सुरू होतो. संतांनी विचारलं म्हणून सांगतो, एरवी सांगू नये, अशा आढेवेढ्यांनी तुकोबा आपली हकीकत सांगायला बसतात. मायबाप गेले, दुष्काळाने पैसा आणि मान नेला, बायको गेली, लाज वाटली, व्यवसायात तूट आली. आणि लगेच पुढची ओळ: ‘देवाचें देऊळ होतें तें भंगलें । चित्तासी जें आलें करावेंसें.’ मध्ये काही नाही. साक्षात्कार नाही, गुरू नाही, आकाशवाणी तर नाहीच. देऊळ मोडकळीला आलं होतं, ते नीट करावंसं वाटलं. चिखल, दगड, पाणी.

त्यानंतर एकादशीला कीर्तन करू लागलो, म्हणतात, आणि पुढे जे म्हणतात ते मी पन्नासदा ऐकूनही ऐकलं नव्हतं: ‘नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं.’ चित्त त्यात नव्हतं. मग संतांची काही वचनं पाठ केली. दुसऱ्यांची. स्वतःचं अजून काहीच नाही. आणि मग: ‘गाती पुढें त्याचें धरावें धृपद.’ पुढे उभं राहून कुणी तरी गातंय, त्याच्या मागे उभं राहून ध्रुपद धरायचं, बस्स. ज्या माणसाच्या शब्दांवर पुढे अख्खा महाराष्ट्र ध्रुपद धरणार होता, तो स्वतः काळोखात असताना दुसऱ्याच्या मागे पालुपद ओढत उभा होता. कवित्वाची स्फूर्ती पुढे फार उशिरा येते, त्यावर लोकांचा निषेध, बुडवलेल्या वह्या, धरणं. त्यातलं सगळं सांगतही नाहीत. मध्येच म्हणतात, ‘विस्तारीं सांगतां बहुत प्रकार। होईल उशीर आतां पुरे.’ सांगायला बसलो तर उशीर होईल, आता पुरे. मला हा माणूस त्या ओळीत जितका जवळचा वाटतो तितका दुसरीकडे कुठेही नाही.

मला अण्णा आठवले. आई गेली २००९ साली, श्रावणात. तिला जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता आणि एकादशीला अण्णा टाळ घेऊन भजनाला निघाले. मी तेव्हा भयंकर चिडले होते. ‘एवढ्यात? बायको गेलीय तुमची,’ असं तोंडावर बोलले होते. त्यांनी नुसतं पाहिलं, चप्पल घातली, गेले. मी त्यांच्या मागोमाग देवळाच्या दारापर्यंत गेले, भांडायलाच. आत रूपाचा अभंग चालला होता. अण्णा अगदी मागच्या ओळीत, खांबापाशी. ओठ मिटलेले. गात नव्हतेच. टाळ तेवढा चालू होता. मी तेव्हा त्याचा अर्थ असा लावला की यांचं मन भजनातही नाही आणि आईतही नाही.

आता मी माळ्यावर चढले. अण्णा जुन्या वह्या टाकत नसत. वर्षावर्षाचं गाठोडं बांधून ठेवलेलं. २००९ ची सापडली. श्रावणात तेरा दिवस कोरे. चौदाव्या दिवशी दुकान उघडलं, नोंदी सुरू. पण कशा? ‘साखर १. तेल अर्धा.’ ‘शेंगदाणे पाव.’ ‘गूळ १.’ कुणाला दिलं ते नाही. टेलरची बाई नाही, मास्तर नाही. अक्षर तेच, नेहमीचं टपोरं, पण माणूस कुठेच नाही. जवळपास चाळीस दिवस असं. दुकानदारीच्या दृष्टीने हे सगळं बुडीतच, कोणाकडून मागणार? मी पान पान उलटत गेले. गिऱ्हाइकं येत होती, माल जात होता, आणि माझ्या वडिलांना समोर कोण उभं आहे ते दिसत नव्हतं. आम्ही त्याच घरात जेवत होतो आणि आम्हाला काही कळलं नाही. ‘अण्णांनी छान सावरलं,’ असंच सगळे म्हणत होते. मीही.

आणि मग आश्विनातल्या एका पानावर, कसलीही सूचना नसताना: ‘निळी खिडकी – साखर १.’

त्या धुळीत बसून मी रडले. अण्णा गेल्यावर पहिल्यांदा, नऊ महिन्यांनी. कोळ्याचं जाळं नाकातोंडात, खाली नवरा हाका मारतोय.

त्या ओळीत काय घडलं होतं ते मला आजही नेमकं सांगता येणार नाही. त्या दिवशी त्यांना देव दिसला असं मी म्हणणार नाही. पण ज्याला अध्यात्म म्हणतात त्यातलं मला जे काही कळलंय ते त्या ओळीएवढंच आहे: समोरची खिडकी निळी आहे हे पुन्हा दिसणं. आणि ते दिसेपर्यंतच्या चाळीस दिवसांत त्यांनी टाळ खाली ठेवला नव्हता.

गाथ्याकडे मी त्यानंतर वेगळ्या नजरेने गेले. तिथे ‘माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल’ असंही आहे. माझ्यापुरता देव मेला, ज्याला असेल त्याला असो. मला वाटायचंच बंद झालं होतं ते याहून वेगळं काय होतं? आणि ‘सुख पाहतां जवापाडें’ आहे, आणि आनंदाचे डोहही आहेत. रा. द. रानडे यांच्यासारख्या अभ्यासकाने ख्रिस्ती संतांच्या भाषेतली आत्म्याची काळोखी रात्र तुकोबांच्या अभंगांत दाखवून दिली आहे. पण रात्र म्हटलं की आपण लगेच पहाट धरून चालतो. आधी दुःख, मग शंका, मग शरणागती, मग शांती, अशी शिडी लावतो. गोष्ट सांगायला ती सोपी पडते, आणि सांत्वनाला आलेल्या काकांनाही. पण अभंगांवर तारखा नाहीत. वाण्याच्या मुलाने आयुष्यभर लिहिलं आणि एका अभंगावरही मिती घातली नाही. ‘देव मेला’ आधी आणि ‘बरे झाले’ नंतर, हे आपण ठरवलेलं. उलटंही असेल. सोमवारी ‘बरे झाले’ आणि गुरुवारी पुन्हा ‘देव मेला’, असंही असेल. माझं तरी तसंच चाललंय.

‘पोर मेलें बरें जालें’ मला अजून म्हणता येत नाही, आणि ते दुसऱ्या कुणाला म्हणायला सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही असं माझं मत आहे. ज्याचं पोर गेलं त्यानेच ते उच्चारलं म्हणून ते सहन होतं. तेही ‘लज्जा वाटे जीवा, त्रासलों या दुःखें’ हे ज्या तोंडाने म्हटलं, त्याच तोंडाने.

अण्णांचा टाळ मी घेतला. भावाला हरकत नव्हती. कांशाची जोडी, मधली दोरी अण्णांच्या घामाने काळी पडलेली, हातात घेतल्यावर वाटतो त्यापेक्षा जड. आमच्या आळीतल्या देवळात बायकांचं भजनी मंडळ आहे, एकादशीला दुपारी तीनला बसतं. कार्तिकी एकादशीला मी जाऊन दाराशी उभी राहिले. मंडळातल्या सगळ्यांत थोरल्या काकूंनी टाळाकडे पाहिलं, तो कुणाचा हे त्यांना कळलं असावं. काही विचारलं नाही. “मागं उभी राहा. मी म्हणते, तू नुसतं ध्रुपद धर.”

“काकू, मला काही वाटत नाही हल्ली,” मी म्हणाले. का म्हणाले कुणास ठाऊक. इतक्या महिन्यांत कुणापाशी बोलले नव्हते.

“बरं,” काकू म्हणाल्या. “डावा हात स्थिर ठेव, उजवा हलव. अंगठ्याला फोड येईल.”

आला. दोन फोड आले. पहिले दोन महिने ताल सारखा चुकायचा, पखवाज वाजवणारी मुलगी हसू दाबायची. मी खांबापाशी उभी राहते. अण्णांचा खांब पुरुषांच्या बाजूला, माझा समोरचा. कधी कधी एखादी ओळ तिसऱ्या-चौथ्यांदा परतताना आपसूक तोंडातून बाहेर पडते. बहुतेक वेळा नाही. घरी येऊन साबुदाण्याची खिचडी करते आणि टीव्ही लावते, हल्ली आवाज बेताचा.

परवा भावाचा फोन आला. “वहीचं काय केलंस शेवटी? बुडवलीस?”

“इंद्रायणीत फेस काय कमी आहे?”

तो हसला. मग जरा थांबून म्हणाला, “माझ्या वाट्यातलं कुणी आलं होतं का गं?”

आलं होतं. गेल्याच आठवड्यात मी दुकान झाडायला गेले होते. माल केव्हाच व्यापाऱ्याला परत दिलाय, फळ्या रिकाम्या, वरून सुतळीचं बंडल तेवढं लटकतंय. शटर अर्धं उघडं बघून एक बाई वाकून आत आली. साठीच्या पुढची, हातात पिशवी.

“अण्णांच्या वहीत माझं किती आहे?”

“तुमचं नाव?”

तिने नाव सांगितलं. वहीत ते असणार नव्हतंच. मी वही उघडून तिच्याकडे बघत राहिले. कुठे राहता विचारलं. दोन नंबरच्या चाळीत, रस्त्याकडची खोली. कोपऱ्यावरची का? नाही, मधली.

“खिडकी कुठल्या रंगाची तुमची?”

तिला वाटलं मला भ्रम झालाय. “आता सरकती बसवली पोराने. ॲल्युमिनियमची.” मग म्हणाली, “आधी निळी होती.”

सहाशे पंधरा होते. तिने दोनशे दिले, उरलेले पुढच्या महिन्यात म्हणाली. मी ड्रॉवरमधून पेन शोधलं. अण्णांच्या शेवटच्या नोंदीखाली तारीख घातली, ‘जमा २००’ लिहिलं. माझं अक्षर त्यांच्या अक्षराशेजारी फारच किरटं दिसतं.

“आणि एक किलो साखर द्या,” ती पिशवी पुढे करत म्हणाली. तोंडातून सवयीने निघून गेलं असावं, कारण मागे रिकाम्या फळ्या तिला दिसतच होत्या.

“बसा जरा,” मी म्हणाले. समोर नवीन मार्ट झालंय. तिथून एक किलोची पुडी आणली, बेचाळीस रुपये मोजून, आणि तिच्या पिशवीत टाकली. मग वही पुन्हा उघडून नावे लिहिली.